शिवाशिवी, साखळी, विषामृत : साथरोगशास्त्राच्या अध्यापनातील खेळ आणि त्यांची भाषा

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात ‘लागण’ या शब्दाचा पहिला अर्थ रोगाशी संबंधित नाही. आषाढ-श्रावणाच्या सुमारास करतात ती आडसाली लागण. तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटून येतो तो खोडवा. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘लागण वाढली’ एवढेच छापलेले असेल, तर बातमी साखरेची की तापाची, हे जिल्ह्यातील वाचकाला पुढची ओळ वाचल्यावाचून सांगता येणार नाही. दोन्ही अर्थ ‘लागणे’ या एकाच क्रियापदाचे आहेत. लागवड, लागट, लागू हे शब्द त्याच कुळातले, आणि ‘लग्न’ हा तत्सम शब्दही त्याच मूळ धातूचा. एक वस्तू दुसरीला चिकटणे आणि त्या चिकटण्यातून नवे काही उगवणे, हा अर्थ या साऱ्या कुळात वावरतो. ‘साथ’ या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे एकत्र वाट चालणारा व्यापाऱ्यांचा तांडा. प्राकृतात त्याचे ‘सत्थ’ झाले आणि मराठीत ‘साथ’. आज ती तबल्याची असते, संसारातली असते आणि पटकीचीही असते. रोग हा माणसांच्या सोबतीने प्रवास करतो, ही गोष्ट मराठी भाषकाला वैद्यकाचा ग्रंथ उघडण्यापूर्वीच ठाऊक असते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि शब्दांतून मिळणारे हे ज्ञान गुणात्मक असते, संख्यात्मक नसते. किती जणांना, किती वेगाने, आणि मुख्य म्हणजे साथ थांबते ती कोणत्या कारणाने, या प्रश्नांची उत्तरे ‘साथ’ आणि ‘लागण’ या शब्दांत नाहीत. साथरोगशास्त्राचा खरा विषय तोच आहे. आणि विद्यार्थ्याला तो सूत्रांच्या वाटेने शिकविण्यापूर्वी खेळाच्या वाटेने शिकविता येतो, असा अनुभव या शास्त्राच्या अध्यापकांनी फार पूर्वीच घेतला आहे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉवेल रीड व वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे दोन प्राध्यापक विद्यार्थ्यांसमोर रंगीत गोट्या घेऊन बसत. एका रंगाच्या गोट्या निरोगी, दुसऱ्या रंगाच्या रोगी, तिसऱ्या रंगाच्या रोगातून उठलेल्या. गोट्या मिसळून एका पन्हळीत ओळीने सोडावयाच्या. रोगी गोटीच्या शेजारी जी निरोगी गोटी येईल ती पुढच्या फेरीत रोगी धरावयाची. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की साथीचा चढ आणि उतार डोळ्यांसमोर उभा राही. पुढे रीड-फ्रॉस्ट प्रतिमान म्हणून जे सूत्र प्रसिद्ध पावले, त्याचे हे पन्हळीतले रूप होय.

महाराष्ट्रातील मुलांना पन्हळ आणि गोट्या बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. अंगणातील तीन खेळ या कामी पुरेसे आहेत; मात्र ते तिन्ही एकच गोष्ट शिकवीत नाहीत, हे अध्यापकाने आधी ओळखले पाहिजे.

शिवाशिवी घ्या. (कोठे याला शिवणापाणी म्हणतात, कोठे पकडापकडी.) ज्याच्यावर राज्य असते त्याने दुसऱ्याला शिवले की राज्य दुसऱ्यावर जाते आणि पहिला मोकळा होतो. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक रोगी नेमक्या एका व्यक्तीला रोग देतो व त्याच क्षणी स्वतः बरा होतो. रोग्यांची संख्या आरंभी एक, अखेरीसही एक. ही साथ वाढत नाही आणि संपतही नाही. मुले दमतात किंवा दिवेलागण होते म्हणून डाव मोडतो. एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते या अंकाला प्रसारांक म्हटले, तर शिवाशिवीचा प्रसारांक बरोबर एक आहे. प्रसारांक एकवर आला म्हणजे साथ संपली अशी अनेकांची समजूत असते. शिवाशिवी खेळलेल्या मुलाला ती चूक समजावून देण्यास अर्धे मिनिट पुरते.

साखळीचा खेळ वरवर पाहता साथीचे हुबेहूब चित्र वाटतो. ज्याला शिवले तो शिवणाऱ्याचा हात धरतो, साखळी लांबत जाते, मोकळे गडी कमी होत जातात. पण येथे एक सूक्ष्म मेख आहे. साखळी दोघांची असो वा वीसांची, मोकळे हात दोनच, टोकांचे. मधले अठरा जण रोगी असूनही कोणाला शिवू शकत नाहीत. त्यामुळे या खेळातील लागण बेरजेने वाढते, गुणाकाराने नाही. आता नियम एवढाच बदलावा, की साखळीत चौघे झाले की तिने तुटून दोन जोड्या व्हावे. तत्क्षणी खेळाचे स्वरूप पालटते: एका जोडीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, आणि मघाशी लांबत गेलेला डाव पाहता पाहता आटोपतो. बेरीज व गुणाकार यांतील अंतर इतक्या प्रत्यक्षपणे दाखविणारे दुसरे साधन वर्गात क्वचितच सापडेल. २०२० साली ‘रुग्ण दुप्पट होण्याचा काळ’ हा शब्दप्रयोग रोज कानावर पडत होता. त्याचा अर्थ किती श्रोत्यांना उमगला असेल, याविषयी शंका बाळगावयास जागा आहे.

तिसरा खेळ विषामृत. राज्य असलेला गडी ज्याला ‘विष’ म्हणून शिवतो तो जागच्या जागी खिळतो. मोकळ्या गड्याने येऊन ‘अमृत’ म्हणून शिवले की तो पुन्हा धावू लागतो. येथे दोन वेगांची स्पर्धा आहे: विषाचा वेग आणि अमृताचा वेग. दुसरा पहिल्याहून अधिक राहिला तर डाव कधीच संपत नाही. कमी पडला तर मोकळे गडी घटतात, मोकळे घटले म्हणून अमृत देणारे घटतात, आणि एका मर्यादेनंतर सारे मैदान एकदम खिळते. रुग्णालयातील खाटा व परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या म्हणजे जे घडते त्याचेच हे लहान रूप आहे. त्यातही अमृत देणाऱ्याला खिळलेल्या गड्यापाशी जावे लागते, आणि राज्य असलेला गडी बहुधा तेथेच टपून असतो. वाचविणाऱ्याचा धोका इतरांहून अधिक असतो, हे या खेळात प्रवचनावाचून कळते. पुण्याच्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला, ही गोष्ट विषामृताच्या डावानंतर सांगितली तर विद्यार्थ्याला तिचे केवळ चरित्रात्मक मोल राहत नाही.

या तिन्ही खेळांत एक उणीव समान आहे. त्यांत रोगातून उठून कायमचा सुरक्षित झालेला गडी नाही. पण मराठी मुलांच्या क्रीडाभाषेत त्याला शब्द मात्र आहे: ‘कच्चा लिंबू’. फार लहान भावंडाला खेळात घ्यावयाचे, सगळ्यांबरोबर धावू द्यावयाचे, पण त्याच्यावर राज्य द्यावयाचे नाही, अशी ही मोठी दयाळू संस्था आहे. साथीच्या दृष्टीने कच्चा लिंबू म्हणजे प्रतिकारक्षम व्यक्ती. तो गर्दीत असतो, त्याला स्पर्शही होतो, पण तो स्पर्श वाया जातो.

हा शब्द हाती घेऊन तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात पुढील डाव मांडता येईल. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी एका घागरीत टाकावी. एकाला रोगी ठरवावे. त्याने आपली सोडून इतरांच्या दोन चिठ्ठ्या काढाव्या. ज्यांची नावे निघतील ते पुढच्या फेरीचे रोगी. चिठ्ठ्या परत घागरीत जातात. पहिला रोगी बरा होऊन कच्चा लिंबू बनतो. पुढे त्याचे नाव निघाले तरी ते वाया जाते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत संख्या दुपटीने वाढेल असे वाटते, पण लवकरच चिठ्ठ्या वाया जाऊ लागतात. असे अनेक डाव खेळून सरासरी काढली, तर गणिताप्रमाणे नव्या रोग्यांची संख्या साधारण १, २, ४, ५, ६, ४, २, १ अशी चढून उतरते, आणि तिसांपैकी सुमारे पाच जणांना रोग शिवतच नाही. प्रत्येक रोगी दोघांना शिवत असूनही साथ सर्वांना गाठण्यापूर्वीच विझते. ती विझते ती रोगी संपले म्हणून नव्हे; नव्या रोग्यांना शिवण्याजोगे गडी विरळ झाले म्हणून. विद्यार्थ्यांना हे मान्य करणे जड जाते. घागर मात्र वाद घालीत नाही.

नंतर तोच डाव पंधरा कच्चे लिंबू आधीच नेमून खेळावा. आता दोन चिठ्ठ्यांपैकी सरासरी एक वाया जाते. सुमारे चार डावांतील एक डाव तर पहिल्या फेरीतच आटोपतो, कारण दोन्ही चिठ्ठ्या कच्च्या लिंबांच्या निघतात. उरलेल्यांपैकी बहुतेक डाव थोडे रेंगाळून थांबतात. गोवराचा एक रोगी अप्रतिकारक्षम समाजात बारा ते अठरा जणांना रोग देतो असे मानतात. तेव्हा तेथे निम्मे कच्चे लिंबू पुरत नाहीत, शंभरांत पंचाण्णवच्या आसपास लागतात. हा आकडा पाठ करण्याऐवजी बारा चिठ्ठ्या काढून पाहिल्या तर तो अधिक लक्षात राहतो.

येथवर खेळाची बाजू मांडली. परंतु खेळ हे अखेर प्रतिमान आहे, आणि प्रतिमान वस्तुस्थितीशी जुळले म्हणजे ते खरे ठरले, असे नाही. या बाबतीत मुंबईचेच उदाहरण सर्वांत बोधक आहे. साथीच्या गणिताचा पाया ज्या निबंधाने घातला, तो केर्मॅक व मॅकेंड्रिक यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९२७ साली प्रसिद्ध झाला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर होते. आपले सूत्र पडताळण्यासाठी या दोघांनी मुंबई बेटावरील १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेतले. सूत्राने काढलेली वक्ररेषा त्या आकड्यांवर इतकी चपखल बसली की ती आकृती आजही पाठ्यपुस्तकांतून छापली जाते. पण ते सूत्र माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाचे होते, आणि मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग होता. माणसाकडे तो पिसवांच्या चाव्यातून येई. पिसवांची ही भूमिका सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ सालीच कराचीत दाखवून दिली होती. वक्ररेषा जुळली, कार्यकारणभाव जुळला नाही.

याचा व्यावहारिक परिणाम लहान नव्हता. रोग माणसापासून माणसाला लागतो असे धरले की घराघरांतून माणसे हुडकून काढण्याकडे लक्ष जाते; तो घरातल्या उंदरांपासून येतो असे कळले की माणसांनी घर सोडणे महत्त्वाचे ठरते. प्लेगच्या वर्षांत महाराष्ट्रातील गावेच्या गावे माळावर झोपड्या बांधून राहिली. डोंगर-पाणी या खेळात उंच जागी चढलेला गडी सुरक्षित असतो, तसाच हा प्रकार बाहेरून दिसतो. पण झोपडीत सुरक्षितता आली ती माणसे एकमेकांपासून दूर गेल्यामुळे नव्हे, उंदरांपासून दूर गेल्यामुळे. साथीचा खेळ शिकविताना ‘या खेळात शिवणारा कोण आहे?’ हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारला पाहिजे.

पाण्यातून येणाऱ्या रोगांच्या बाबतीत तर शिवणारा गडीच नसतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची. अशा साथीला साखळी नसते. एका उगमापासून निघालेल्या अनेक रेषा असतात. तिच्या अध्यापनाला धावण्याचे खेळ निरुपयोगी आहेत. तेथे शोधाचा खेळ हवा, आणि त्याचा उत्तम नमुना अमेरिकेच्या ऑस्वेगो परगण्यातील एका चर्चमधील जेवणावळीचा आहे. १८ एप्रिल १९४० रोजी झालेल्या या जेवणानंतर ज्या ७५ जणांची विचारपूस झाली त्यांपैकी ४६ आजारी पडले होते. ही माहिती आजवर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना कोडे म्हणून दिली गेली आहे. आजाऱ्यांनी काय खाल्ले एवढेच विचारून कोडे सुटत नाही, कारण बहुतेकांनी बहुतेक पदार्थ खाल्लेले असतात. प्रत्येक पदार्थ खाणाऱ्यांत आजारी किती आणि न खाणाऱ्यांत किती, अशी जोडीने तुलना करावी लागते. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या ५४ जणांपैकी ४३ आजारी; न खाणाऱ्या २१ जणांपैकी ३. म्हणजे शेकडा ८० विरुद्ध शेकडा १४. इतर कोणत्याही पदार्थात एवढे अंतर नाही. कोल्हापुरात हे कोडे लग्नाच्या पंगतीवर सहज उतरविता येईल. आइस्क्रीमच्या जागी बासुंदी ठेवली तरी गणित तेच राहते. मात्र एक पथ्य पाळावे. बासुंदी दोषी ठरली की विद्यार्थी ताबडतोब आचाऱ्याचे नाव विचारतात. त्या प्रश्नाला शास्त्रात वेगळे उत्तर आहे: दूध किती वेळ, किती उष्णतेत, कशावाचून राहिले?

या आचाऱ्याच्या निमित्ताने खेळांच्या भाषेचा प्रश्न पुढे येतो, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक आहे. ‘शिवाशिवी’ हे मुलांच्या खेळाचे नाव आहे, आणि ‘शिवाशीव’ हे एका जुन्या सामाजिक क्रूरतेचेही. शिवणे, विटाळ, ओवळे, सोवळे ही सारी शब्दसंपत्ती स्पर्शातून काहीतरी संक्रमित होते या कल्पनेवर उभी आहे. फक्त तिथे संक्रमित होणारी वस्तू अस्तित्वात नव्हती आणि ‘रोगी’ जन्माने ठरलेला होता. मार्च २०२० मध्ये ‘सोशल डिस्टन्सिंग’ या इंग्रजी शब्दाचे ‘सामाजिक अंतर’ असे शब्दशः भाषांतर मराठीत रूढ झाले. माणगाव येथील परिषद २१ व २२ मार्च १९२० रोजी भरली होती. डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू छत्रपती तेथे उपस्थित होते. सामाजिक अंतर मोडण्यासाठी भरलेल्या त्या परिषदेला बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या २२ मार्च २०२० या दिवशी देशभर जनता संचारबंदी होती आणि ‘सामाजिक अंतर पाळा’ ही सूचना सर्वत्र दिली जात होती. सूचना देणाऱ्यांच्या मनात शंभर वर्षांपूर्वीचा अर्थ नव्हता, हे उघड आहे. पण शब्द आपला इतिहास बोलणाऱ्याच्या अनुमतीने बरोबर आणीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच आठवड्यात ‘शारीरिक अंतर’ हा पर्याय पुढे केला. मराठीत ‘सुरक्षित अंतर’ हा शब्द अधिक सरळ आहे, कारण त्यात अंतराचे कारणही सांगितले जाते.

खेळातही हीच सावधगिरी हवी. ज्याच्यावर राज्य आले त्याच्यापासून सगळे पळतात, त्याला चिडवतात. शिवाशिवीचा आनंदच त्यात आहे. पण त्या गड्याला ‘रोगी’ हे नाव दिले की वर्गातील विद्यार्थी रोगापासून न पळता रोग्यापासून पळावयास शिकतो. परदेशी खेळांनी या अडचणीतून दोन निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. २०१२ साली निघालेल्या ‘प्लेग इंक.’ या संगणकीय खेळात खेळणारा स्वतःच रोगजंतू होतो आणि सारे जग बाधित करू पाहतो. जानेवारी २०२० मध्ये या खेळाची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा हा खेळ आहे, शास्त्रीय प्रतिमान नव्हे, असे त्याच्या निर्मात्यांनाच जाहीर करावे लागले. उलट २००८ सालच्या ‘पॅन्डेमिक’ या पटावरील खेळात कोणताही खेळाडू रोग होत नाही. रोगाच्या चाली पत्ते ठरवितात. मुंबईसह पटावरील शहरे वाचविण्यासाठी सर्व खेळाडू एका बाजूला असतात, आणि जिंकतात ते सगळे किंवा कोणीच नाही. पहिल्या खेळात रोगाची गती अधिक चांगली कळते, दुसऱ्यात प्रतिकाराची. अध्यापनासाठी दुसरी रचना निःसंशय श्रेयस्कर आहे. विषामृतात ती सहज साधते: ‘राज्य’ कोणा गड्यावर न ठेवता अध्यापकाने नाण्याच्या किंवा फाशाच्या हाती द्यावे, आणि ज्याच्या वाट्याला विष आले त्याच्याकडे अमृत घेऊन कोणी जावयाचे, हे बाकीच्यांनी मिळून ठरवावे.

कच्च्या लिंबाच्या बाबतीत तर मुलांचा नियम उलटाच करावा लागतो. अंगणात ही सवलत सर्वांत लहानाला मिळते. साथीत ती त्याला मिळत नाही: गोवराची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि त्याआधीचे मूल, आईकडून मिळालेले संरक्षण ओसरले की, उघड्यावर असते. तेव्हा हा डाव मांडताना कच्चे लिंबू म्हणून वर्गातील सर्वांत चपळ व दांडगे गडी नेमावे, सर्वांत लहानाला मध्ये उभे करावे, आणि त्याच्याभोवती किती जण उभे राहिले म्हणजे बाहेरचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ते मोजावयास सांगावे.